टाकीच्या तळाशी परत खडे? खत बदलण्याआधी पेलाभर कोमट पाणी घ्या

थंडी पडली की माझा फोन सकाळी सातच्या आत वाजतो. "आत्या, परत खडे झालेत." पलीकडे माझा भाचा असतो. तळेगावच्या पुढे मावळात त्याचं जरबेराचं पॉलिहाऊस आहे. मी कोथरूडला गच्चीवर जमेल तेवढी बाग करते. कनिष्ठ महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरात काहीही विरघळलं नाही की जाब मला विचारतात. एकदा तिळगुळाच्या पाकाबद्दलही विचारून झालंय.

तक्रार दरवर्षी तीच. विद्राव्य खतांचं दाट स्टॉक द्रावण (जे नंतर पातळ करून पिकाला सोडतात) संध्याकाळी करून ठेवलं तेव्हा स्वच्छ होतं, सकाळी पाहावं तर तळाशी साका. व्हेंचुरीचा, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या जोडणीचा, फिल्टर भरलेला, दोन ओळींचे ड्रिपर चोक. कृषी केंद्रात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "डुप्लिकेट माल आला असेल, आमच्याकडची दुसरी कंपनी घ्या." बनावट खत बाजारात असतं, नाही असं नाही. पण आमच्या बाबतीत तीन वर्षं कंपन्या बदलून खडे काही थांबले नाहीत, आणि थांबणारही नव्हते. कारण 'तळाशी साका' हे एका दुखण्याचं लक्षणच नाही. तीन वेगळी दुखणी तोंडवळ्याने सारखी दिसतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष आहे. हे कळायच्या आधी भाच्याने एका वर्षी कोमट पाण्याने साका घालवला आणि खूश झाला. पुढच्या वर्षी तोच उपाय केला तर अख्खं पिंप दुधासारखं पांढरं झालं.

म्हणून खत फेकू नका, दुकानदाराशी भांडायलाही जाऊ नका. आधी एवढं करा.

पेल्याची परीक्षा

वरचं स्वच्छ पाणी हलक्या हाताने काढून घ्या. तळातला साका चमचाभर एका काचेच्या पेल्यात घ्या आणि आंघोळीला घेतो तसं कोमट, साधारण ४० अंशांचं पाणी पेला भरेपर्यंत ओता. पाच मिनिटं ढवळा. बादलीत चिमूटभर टाकून बघू नका, पेल्यात चमचाभरच हवं. कारण पुढे येणारं जिप्समसुद्धा लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं, बादलीभर पाण्यात चिमूट सहज गडप होते आणि निदान चुकतं.

साका काचेच्या काड्यांसारखा, बोटाला टोचणारा असेल आणि पूर्ण विरघळला तर तुमचं खत चांगलं आहे, ते गारठलं होतं एवढंच. साका मैद्यासारखा किंवा खडूच्या भुकटीसारखा असेल आणि ढवळून पाणी फक्त गढूळ झालं, तर तुम्ही दोन न पटणारी खतं एकत्र केली आहेत. आणि त्या भुकटीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकल्यावर ती फसफसली तर खताचा दोष नाही, दोष पाण्याचा.

या तीन निकालांपैकी पहिला हिवाळ्यात सर्वांत जास्त येतो, आणि सर्वांत जास्त चांगलं खत त्याच्याच पायी मोरीत ओतलं जातं. म्हणून त्याच्यापाशी जरा थांबते.

काचेसारखे खडे

हे बहुतेक वेळा तेरा-शून्य-पंचेचाळीस असतं, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. (पिशवीवरचे हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के.) पुढच्या वेळी द्रावण करताना बादलीला बाहेरून हात लावून बघा. बादली गार पडते, दमट हवेत तर बाहेरून घामही धरते. त्या गारव्यातच कारण आहे.

हे मीठ म्हणजे पोटॅशियमचे धन आणि नायट्रेटचे ऋण आयन, म्हणजे विद्युत प्रभार असलेले कण, ओळीने रचलेले. इथे एक गैरसमज काढून टाकते, कारण बारावीच्या निम्म्या उत्तरपत्रिकांत तो मला भेटायचा: 'पाण्यात टाकल्यावर आयन तयार होतात.' तयार होत नाहीत, ते स्फटिकात आधीपासून असतातच. पाणी त्यांना फक्त सोडवतं. क्षार पाण्यात नुसते पडल्या पडल्या, वीज न सोडताही आयनांत सुटे होतात, हे स्वान्ते अर्‍हेनियस मांडायला निघाला तेव्हा विजेबद्दलच्या त्याच्या १८८४ च्या प्रबंधाला उप्सालाच्या परीक्षकांनी खालची श्रेणी दिली होती. त्याच कल्पनेला १९०३ साली नोबेल मिळालं. परीक्षकांचं चुकतं, हे मी स्वतः परीक्षक असूनही सांगते.

सोडवायला ऊर्जा लागते. साधं मीठ घ्या. एक मोल, म्हणजे साधारण ५८ ग्रॅम मिठाचे आयन एकमेकांपासून पार दूर न्यायला सुमारे ७८७ किलोज्यूल खर्ची पडतात. पण सुट्या झालेल्या प्रत्येक आयनाला पाण्याचे रेणू घेरतात, सोडियमकडे ऑक्सिजनचं टोक करून, क्लोराइडकडे हायड्रोजनचं. या घेरण्यातून सुमारे ७८३ परत मिळतात. एवढ्या मोठ्या उलाढालीत तोटा फक्त ४ चा. म्हणून आमटीत मीठ टाकलं तर हाताला काही कळत नाही. आणि म्हणूनच मिठाची विद्राव्यता तापमानाने जवळजवळ हलत नाही: शून्य अंशाला १०० ग्रॅम पाण्यात ३५.७ ग्रॅम, उकळत्या पाण्यात ३९. लोणच्याच्या खाराला पौष काय आणि वैशाख काय.

पोटॅशियम नायट्रेटचा तोटा मात्र मोठा आहे, मोलमागे ३४.९ किलोज्यूल. हा आकडा विरळ द्रावणाचा, दाट द्रावणात थोडा कमी भरतो, पण चित्र तेच. ही उष्णता ते पाण्याकडूनच ओढून घेतं. ज्या क्षाराला विरघळताना उष्णता लागते त्याला गरम पाण्यात जागा जास्त मिळते आणि गारठ्यात तो बाहेर पडतो. या क्षारात हा फरक केवढा आहे ते बघा: १०० ग्रॅम पाण्यात ३० अंशांना जवळपास ४६ ग्रॅम, २० अंशांना ३१.६, १० अंशांना २१, आणि शून्याला १३.

आता भाच्याची कृती. पाच लिटर पाणी, दीड किलो खत. म्हणजे १०० ला ३०. पिशवीवरच्या तक्त्यात २० अंशांना ३१ बसतात, मग बिघडलं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे ओतताना. पाणी २२ अंशांचं असलं तरी किलोभर खत विरघळेपर्यंत ते १० च्या आसपास उतरतं, आणि तिथे मर्यादा २१ ची, म्हणजे पाच लिटरला किलोच्या जरा वर. उरलेलं अर्धा किलो तळाशी तसंच बसतं. खत स्वतःच स्वतःची वाट अडवतं, आणि ढवळणाऱ्याला वाटतं माल भेसळीचा. दुसरं म्हणजे रात्री. समजा, तुम्ही तासभर ढवळून, गरम पाणी घालून सगळं विरघळवलंत. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली उतरणं नवं नाही, आणि पॉलिहाऊसच्या बाहेर उघड्यावर ठेवलेलं पिंप पहाटेपर्यंत त्याच गारठ्याला येतं. ३० मधले ९ बाहेर. पाच लिटरमागे साडेचारशे ग्रॅम खडे.

मग तोट्याचा सौदा असूनही हे मीठ विरघळतंच का? वर्गात हा प्रश्न कुणी विचारला की तो तास माझा चांगला जायचा. ऊर्जेच्या वहीत तोटा असला तरी दुसरी एक वही असते, एन्ट्रॉपीची. रांगेत जखडलेले आयन पाण्यात मोकळे फिरू लागले की पसरण्याच्या शक्यता प्रचंड वाढतात. पोटॅशियम नायट्रेटमध्ये ही वाढ मोलमागे, अंशामागे सुमारे ११६ ज्यूल आहे. तिला निरपेक्ष तापमानाने गुणायचं. २५ अंशांना, म्हणजे २९८ केल्विनला, ३४.५ किलोज्यूल होतात. खर्च ३४.९, जमा ३४.५. काटा जवळजवळ मध्यावर! १० अंशांना तीच जमा ३२.८ वर येते आणि काटा स्पष्टपणे स्फटिकाकडे झुकतो. हे आकडे प्रमाण संहतीचे, म्हणजे लिटरला साधारण एक मोल द्रावणाचे आहेत. द्रावण विरळ असताना आयनांना पसरायला जागा जास्त, म्हणून जमाही जास्त, म्हणून सुरुवातीला झटपट विरघळतं. द्रावण दाट होत जातं तसा तो फायदा आटतो आणि एका जागी खर्च-जमा सारखी होते. तीच संपृक्तता. थंडीत ती जागा अलीकडे सरकते, बाकी काही नाही.

उपाय सोपे आहेत. पाणी ३५-४० अंशांचं घ्या आणि खत एकदम न ओतता तीन-चार हप्त्यांत घाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्टॉक पातळ करा. एकट्या १३:०:४५ साठी मी पाच लिटरला पाऊण किलोच्या वर जात नाही, म्हणजे १०० ला १५. त्याच पिंपात दुसरं पोटॅशियमचं किंवा नायट्रेटचं खत असेल तर अजून कमी, कारण तोच आयन आधीच पाण्यात हजर असला की नव्याला जागा कमी उरते. कॅल्शियम नायट्रेटसोबत सगळं १३:०:४५ एकाच पिंपात कोंबणाऱ्यांचे खडे यामुळेच थांबत नाहीत. अर्धं इकडे, अर्धं दुसऱ्या पिंपात टाका. पिंप आत घ्या, तेही जमत नसेल तर बारदान गुंडाळा.

खडे झालेच असतील तर वरचं पाणी देऊन टाकून तळ धुऊन काढू नका. वरचं पाणी आता कमजोर आहे आणि पालाशाचा बराच भाग तळाशी आहे. त्याहून वाईट म्हणजे दुपारी उन्हाने खडे विरघळतात आणि शेवटच्या ओळीला दुप्पट डोस जातो. पानांच्या कडा करपल्या की आपण रोग शोधत बसतो. अख्खं द्रावण कोमट करा, ढवळा, मगच सोडा. कोमट करायचं ते बाहेरून, कॅन गरम पाण्याच्या टबात ठेवून. पाणी तापवायचा विजेचा रॉड खताच्या द्रावणात बुडवू नका. हे सुटे आयन वीज उत्तम वाहून नेतात आणि रॉडचं आवरणही खातात.

जाता जाता: गार पडलं म्हणजे आयन सुटले असं मात्र समजू नका. युरियाही पाणी चांगलं गार करतो, पण त्याचे रेणू अख्खेच राहतात, आयन एकही सुटत नाही. म्हणून ईसी मीटरला, म्हणजे द्रावण वीज किती वाहून नेतं ते मोजणाऱ्या मीटरला, युरिया दिसत नाही. बहुतेक एकोणीस-एकोणीस-एकोणीसमध्ये नत्राचा बराच भाग युरियाचा असतो, त्यामुळे मीटरवर आकडा कमी दिसतो आणि माणसं वर आणखी एक मूठ टाकतात.

मैद्यासारखा साका

इथे कोमट पाणी हात टेकतं. भाच्याकडे कामाला असलेल्या दादांनी एकदा हात दोनदा खराब नकोत म्हणून कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच पिंपात ढवळलं. दोन्ही खतं एकेकटी पाण्यात मस्त विरघळतात. एकत्र आली की कॅल्शियम आणि सल्फेट एकमेकांना गाठतात आणि जिप्सम होऊन खाली बसतात.

हिशेब करू. शंभरपट दाट स्टॉकमध्ये लिटरला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, त्यात कॅल्शियम १८.८ ग्रॅम, म्हणजे ०.४७ मोल. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे ०.२ मोल सल्फेट. दोन्हींचा गुणाकार ०.०९४. जिप्समचा विद्राव्यता गुणाकार, म्हणजे ज्याच्या पुढे गेलं की साका बसायला लागतो ती मर्यादा, ०.००००२६ च्या आसपास. गर्दीच्या द्रावणात आयन एकमेकांना झाकतात, म्हणून फरक कागदावर दिसतो तेवढा नसतो, तरीही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. जवळजवळ सगळं सल्फेट खाली बसतं, लिटरला तीसेक ग्रॅम जिप्सम. शंभर लिटरच्या पिंपात तीन किलो. ड्रिपर चोक झाले नसते तरच नवल.

आणि तीच दोन खतं शंभरपट पातळ पाण्यात भेटली तर? दोन्ही संहती शंभराने घटतात, म्हणजे गुणाकार दहा हजाराने घटतो: ०.०००००९४. मर्यादेच्या साधारण एक तृतीयांश. काहीच होत नाही. 'पातळ पाण्यात चालतं, मग पिंपात का नाही' या प्रश्नाचं उत्तर एवढंच, आणि 'ए' आणि 'बी' अशी दोन पिंपं ठेवण्याचं कारणही तेच. यात कंपनीची काही चलाखी नाही.

पण मला खरं नवल याचं वाटतं की जिप्समला विरघळायला उष्णता जवळपास लागतच नाही. हिशेब मांडला तर मोलमागे उलट एखादा किलोज्यूल सुटतो. म्हणजे ३५ किलोज्यूलचा खर्च असलेलं पोटॅशियम नायट्रेट शेकड्याला तीस विरघळतं आणि फुकटात सुटणारं जिप्सम लिटरला अडीच ग्रॅमवर अडतं. ऊर्जेच्या वहीवरून निकाल सांगायला गेलात तर दोन्हीकडे चुकाल.

अडतं ते दुसऱ्या वहीत. कॅल्शियमवर दोन धन प्रभार, सल्फेटवर दोन ऋण. असा आयन पाण्यात उतरला की अधिक महिन्यात आलेल्या जावयासारखी त्याची बडदास्त सुरू होते. सहा-आठ पाण्याचे रेणू अगदी जवळ, त्यांच्या मागे आणखी एक फळी, सगळे हातातलं काम टाकून त्याच्याकडे तोंड करून उभे. आयन मोकळे झाले खरे, पण त्यांच्यापायी मोकळं पाणी बांधलं गेलं. बेरीज केली तर एन्ट्रॉपी वाढत नाही, मोलमागे, अंशामागे सुमारे ९० ज्यूलनी घटते. २९८ ने गुणलं की २६-२७ किलोज्यूलचा खड्डा. त्या खड्ड्यातून वरचा विद्राव्यता गुणाकार बरोबर निघतो, हवं तर करून बघा. आणि उष्णतेची देवाणघेवाण नगण्य असल्यामुळे तापवून फरक पडत नाही. ४० अंशांच्या आसपास जिप्सम कसंबसं थोडं जास्त विरघळतं, पुढे पुन्हा कमीच.

पुण्यात हे दरवर्षी हजारो लोक बघतात, फक्त नाव वेगळं असतं. प्लास्टर ऑफ पॅरिसला पाणी लागलं की त्याचं जिप्समच होतं, म्हणून पीओपीची गणेशमूर्ती बादलीत आठवडाभर ठेवली तरी तशीच. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला आणि महापालिकेने ते वाटलंही. पण तिथेही मूर्ती नुसती विरघळत नाही, ती बदलते: सल्फेट अमोनियमबरोबर पाण्यात जातं आणि कॅल्शियम त्याहून कमी विरघळणाऱ्या कार्बोनेटच्या रूपात तळाशी बसतं. हे वाचून कुणी आपल्या पिंपात अमोनियम बायकार्बोनेट टाकू नका. जिप्समच्या जागी चुनखडी येईल, ड्रिपरला दोन्ही सारखेच.

तेव्हा हा साका परत विरघळवायच्या नादी लागू नका. गाळून काढा, पिंप धुवा, नवं द्रावण करा. कॅल्शियम नायट्रेट 'ए' पिंपात, सल्फेट आणि फॉस्फेटवाली खतं 'बी' पिंपात. भाच्याने पिंपं वेगळी केली तरी महिनाभर थोडी थोडी भुकटी येतच राहिली. शेवटी लक्षात आलं, ढवळायची काठी एकच होती आणि व्हेंचुरीची नळीही एका पिंपातून काढून तशीच दुसऱ्यात जात होती. आता दोन रंगांच्या काठ्या आहेत आणि 'ए' नंतर पाच मिनिटं साधं पाणी सोडतात.

शून्य-बावन्न-चौतीसचं, म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेटचं, थोडं निराळं. फॉस्फेट कॅल्शियमशी कितपत भांडणार हे पीएचवर ठरतं. आम्लधर्मी पाण्यात ते एक ऋण प्रभार घेऊन राहतं आणि कॅल्शियमबरोबर निभावून नेतं. पीएच ७.२ ला निम्म्या फॉस्फेटवर दोन प्रभार येतात आणि मग वरचीच जावयाची कथा. पातळ पाण्याचा पीएच आधी ६ च्या आसपास आणा, खतं मग घाला. उलट क्रम केला तर तेवढ्या दोन मिनिटांत बसलेला गाळ नंतर लवकर हटत नाही. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, आणि चष्मा लावून.

व्हिनेगर टाकल्यावर फसफसणारा

खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं, सह्याद्रीवर पडलेला पाऊसच तो. माझ्या गच्चीवर हा त्रास कधी आला नाही, मार्चनंतर सोसायटीत टँकर सुरू होईपर्यंत. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असतं. ते तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट बसतं. शिवाय कॅल्शियम कार्बोनेट हा गरम पाण्यात कमी विरघळणारा क्षार आहे. गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर तोच. भाच्याचं पिंप त्या वर्षी पांढरं झालं ते यामुळे: खडे घालवायचं कोमट पाणी त्याने बोअरचं घेतलं होतं.

तपासणी खताशिवाय करा. तेच पाणी पातेल्यात उकळून गार होऊ द्या. पांढरी साय किंवा तळाशी भुकटी दिसली तर निदान पक्कं. अशा पाण्याचे बायकार्बोनेट आम्लाने आधी मारून घ्या, किंवा स्टॉकपुरतं तरी पावसाचं अथवा नळाचं पाणी वापरा. चोक झालेले ड्रिपर सौम्य आम्लात भिजवले की मोकळे होतात. जिप्समने चोक झालेले होत नाहीत. ड्रिपर बदलायचे की भिजवायचे, हेही यावरून ठरवता येतं.

मीटरने फसू नका

दाट स्टॉकमध्ये ईसी मीटर बुडवून 'आयन किती सुटले' ते ठरवू नका. दाट द्रावणात मॅग्नेशियम आणि सल्फेटचे बरेच आयन जोड्या करून फिरतात. जोडीवर एकूण प्रभार शून्य, म्हणून वीज वाहून नेण्यात तिचा हातभार नाही. वर थंडी: दर अंशामागे वाहकता साधारण दोन टक्क्यांनी घटते. मीटरमध्ये तापमानाची दुरुस्ती असेल तर ठीक, नाहीतर पहाटेचा आकडा दुपारी जुळणार नाही. शंभरपट पातळ करा, पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग मोजा.

भाच्याने आता पिंपाला एक थर्मामीटर सुतळीने बांधून ठेवलाय. मागच्या मंगळवारी पुन्हा सातच्या आत फोन.

"आत्या, साका आहे. पण पिंप तर १६ अंशांवर आहे."

"टोचतोय का?"

"नाही, पिठासारखा. कोमट पाण्यात नाही गेला. लिंबू पिळलं तर फसफसतंय."

"पाणी कुठलं भरलंस?"

शेततळ्यावरची मोटर जळली होती म्हणे, रात्री बोअरचं भरलं.